दक्षिण गोव्यात लग्न: प्लॅनर कुठला घ्यावा? मदत हवी आहे

बहिणीचं लग्न फेब्रुवारीत बाणावलीला, किनाऱ्यालगत करायचंय. पाहुणे 120, बहुतेक पुणे-साताऱ्याचे. राहणं-जेवण धरून बजेट 25 लाख, आईबाबांना त्यापुढे ताणायचं नाही. भटजी आमचेच येतील.

रिसॉर्टचा प्लॅनर घेतला तर सजावट, केटरिंग त्यांच्याच माणसांकडून करावं लागतं. पुण्याचा प्लॅनर एकूण खर्चाच्या 12 टक्के मागतोय. म्हणजे खर्च वाढला की त्याची फी वाढणार, हे मला अजिबात पटत नाही. मडगावच्या एकाने ठोक रक्कम सांगितली, पण किनाऱ्यावरच्या मांडवाची परवानगी कोण काढणार ते स्पष्ट करत नाही. उघड्यावर रात्री 10 नंतर स्पीकर बंद, हे माहीत आहे. मुहूर्त गोरज असल्याने अडचण नाही.

तिथे लग्न केलेल्यांनी कृपया सांगा: ठोक रकमेवाल्याकडून परवानग्या आणि रद्द झाल्यास परतावा, याबद्दल करारात नेमकं काय लिहून घ्यावं?