कासवांच्या संस्थेत कम्युनिकेशनचं काम करते, बाहेरचे लाइक करतात पण गावात कुणापर्यंत पोचत नाही, काय करू?

केळशीची_पोरगी
नमस्कार मंडळी. मी दापोली तालुक्यातल्या एका छोट्या निसर्ग संस्थेत कम्युनिकेशन बघते, म्हणजे इन्स्टा, फेसबुक, प्रेसनोट, देणगीदारांचा रिपोर्ट, शाळेतले कार्यक्रम सगळं एकाच माणसाच्या गळ्यात. मुख्य काम ऑलिव्ह रिडले कासवांचं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माद्या अंडी घालायला येतात, कासवमित्र पहाटे किनारा चालून घरटी शोधतात, अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखीव जागेत, हलवतात आणि साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघतात. पिल्लू पाण्याकडे निघालंय असा व्हिडिओ टाकला की पुण्या-मुंबईहून मेसेजवर मेसेज.

पण बघणारे सगळे बाहेरचेच. ज्याच्या जाळ्यात कासव खरंच अडकतं तो आमच्या बंदरावरचा मच्छीमार आमचं पेज बघत नाही. आणि व्हिडिओ बघून शनिवार-रविवारी जी गर्दी येते ती रात्री टॉर्च घेऊन वाळूत फिरते, गेल्या सीझनला कुणीतरी एका घरट्याचं लोकेशनच ग्रुपवर फिरवलं. गावातले आता म्हणतात की हे तुमच्या व्हिडिओंमुळे होतंय. वरून देणगीदारांना सगळं इंग्लिशमध्ये हवं, रीच किती, व्ह्यूज किती. काम मला मनापासून आवडतं, सोडायचं नाहीये, पण मी नक्की कुणासाठी लिहितेय तेच कळेनासं झालंय. असं काम केलेलं कुणी असेल तर सांगा, सुरुवात कुठून करू?

तालुका_वार्ताहर
ताई, आधी प्रेसनोटचं बोलतो कारण त्या माझ्याकडे येतात. "अमुक संस्थेच्या वतीने तमुक उपक्रम राबविण्यात आला", मग अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, आणि कासव शेवटच्या परिच्छेदात. एसटी स्टँडवर चहा पिणारा माणूस पहिल्या ओळीलाच पान उलटतो. पहिल्या ओळीत गावाचं नाव घाला, दुसरीत कासवमित्राचं, अर्थात त्याला विचारून, की आज पहाटे ह्यांना मोसमातलं पहिलं घरटं सापडलं. ते कात्रण त्याच्या घरी जपून ठेवतात आणि अख्खी वाडी ती बातमी वाचते, कारण ती आपल्या माणसाची असते.

वेळासचं बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने तिथं २००२ मध्ये अंडी राखायचं काम सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सव, आणि पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोय गावातल्या घरांतच. आधी जी अंडी खणून नेली जायची ती राखण्यात दर घरामागे चार पैसे दिसायला लागले, नुसत्या पोस्टरने हे झालं नसतं. त्यामुळे गावाला काय मिळतं ते लिखाणात उघड येऊ द्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि कासवाला नाव असलं की फरक पडतो. जानेवारी २०२२ ला वेळासला सॅटेलाइट टॅग, म्हणजे कासव कुठं आहे ते उपग्रहावरून कळवणारं यंत्र, लावलेली प्रथमा, पुढच्या वर्षी गुहागरच्या बागेश्री आणि गुहा. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली तेव्हा एरवी कासवाशी देणंघेणं नसलेली माणसं मला विचारायची की ती आता कुठं पोचली. २०२५ च्या सुरुवातीला गुहागरला अंडी घालणाऱ्या मादीच्या अंगावर ओडिशात २०२१ ला लावलेला ओळखीचा टॅग निघाला, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास! असं काही हाती लागलं की ते आधी गावातल्या फळ्यावर लिहा, इन्स्टावर नंतर.

लोकेशनचं म्हणाल तर घरट्याचा फोटो त्याच दिवशी टाकूच नका. अंडी हॅचरीत गेल्यावर टाका, तोही असा कापून की मागचे खडक, सुरुबन, देऊळ काही ओळखू येणार नाही. आणि कासवमित्रांच्या फोनमधल्या कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करून द्या, बऱ्याच जणांना ते चालू असतं हेच माहीत नसतं.

रापणकर_मालवण
गाववाल्यांका सांगूचा असात तर बंदरावर जावा, आणि होडये कधी लागतत ता बघून जावा. सकाळी अकराला बॅनर घेऊन गेलात तर तिथं कुणी नसतं. मासळी उतरून, लिलाव होऊन माणूस जरा टेकला की बोलायचं, त्याच्या आधी नाही.

आणि कासव वाचवा असं सांगायला जाऊ नका हो, आमच्याकडे कासवाला देव मानणारे कमी नाहीत. आमचा प्रश्न वेगळा असतो. कासव सोडवायला जाळं कापलं तर ते नुकसान कोण भरणार? त्याचं उत्तर आहे आणि निम्म्या लोकांना ते नीट माहीत नाही. २०१८ च्या शेवटापासून सरकारची योजना आहे, संरक्षित प्राणी, म्हणजे कासव, डॉल्फिन, बहिरी देवमासा (व्हेल शार्क), जाळं कापून जिवंत सोडला तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई, वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खातं मिळून देतं. पण पुरावा म्हणून फोटो-व्हिडिओ लागतात, प्राणी जाळ्यात असताना, जाळं कापताना, सोडताना. आता हे खोल समुद्रात गेल्यावर कळून काय उपयोग? होडी सुटायच्या आधी तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, माहीत पाहिजे, एका खलाशाने मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा ठेवलेला पाहिजे. तुमचं खरं काम हे, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट, जाळ्यात बराच वेळ अडकलेलं कासव हलत नाही म्हणून मेलं समजून लोक परत टाकतात. ते बऱ्याचदा बेशुद्ध असतं, हवेवर जगणारा जीव तो, पाण्याखाली गुदमरतो. तसंच टाकलं तर बुडून मरतं. सावलीत पोटावर ठेवायचं, मागची बाजू वीतभर उंच करायची म्हणजे फुफ्फुसातलं पाणी निघतं, अंगावर ओलं फडकं टाकायचं, नाकाडावर नाही, आणि थांबायचं, कधी कधी काही तास लागतात. हालचाल करायला लागलं की इंजिन न्यूट्रलला ठेवून हळू पाण्यात सोडायचं. एवढं एका मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये बसतं. वाचायला कंटाळा करणारा माणूस ऐकतो, आणि आवाज बंदरावरच्या ओळखीच्या माणसाचा असला तर पुढे पाठवतोसुद्धा.

अंजर्ल्याची_सूनबाई
आमचा होमस्टे आहे म्हणून पर्यटकांच्या बाजूने लिहिते. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, पिल्लं नक्की दिसतील ना? व्हिडिओ बघून लोकांना वाटतं रोज पिल्लं निघतात. प्रत्यक्षात हॅचरीत प्रत्येक घरट्यावर टोपली असते, शेजारी अंडी कधी ठेवली, किती ठेवली त्याची पाटी, आणि सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी कासवमित्र टोपली उचलतात. खाली कधी वाळू तशीच्या तशी, कधी एकच पिल्लू मान वर काढून बसलेलं, कधी वाळू मधोमध खचलेली आणि त्यातून एकावर एक चढत येणारी. रिकामी टोपली निघाली की मुंबईहून रात्रभर गाडी चालवून आलेला माणूस चिडतो आणि तो राग हॅचरीतल्या पोरावर निघतो. म्हणून रिकाम्या टोपलीचा व्हिडिओसुद्धा टाका! मी पाहुण्यांना तेच आधी पाठवते आणि सांगते की किनारा, खाडी, कड्यावरचा गणपती हे बघायला या, पिल्लं दिसली तर तुमचं नशीब.

नियमांचं असं की कारण सांगितलं तर लोक ऐकतात. नुसतं "फ्लॅश मारू नये" लिहिलं की मारतातच. पिल्लू जिकडे उजेड जास्त तिकडे जातं, एरवी तो समुद्राकडचा असतो, तुमच्या टॉर्चमुळे ते उलट फिरतं आणि मग कुत्रा, कावळा, नाहीतर उन्हं. हे सांगितल्यावर लहान मुलंच आईबापांचे मोबाइल खाली करायला लावतात, मी स्वतः बघितलंय. किनाऱ्याकडचे आमचे दिवेसुद्धा आम्ही सीझनमध्ये रात्री बंद ठेवतो, पोस्टमध्ये होमस्टेवाल्यांना पण हे सांगा.

फंडवाला_पुणे
सगळ्यांचं पटतंय पण एक बाजू राहिली. रीलना नावं ठेवू नका. कासवमित्राचं मानधन, हॅचरीची जाळी, टोपल्या, हे पैसे त्या बाहेरच्या लोकांकडूनच येतात, बंदरावरच्या व्हॉइस नोटमधून नाही. मी एका ट्रस्टसाठी देणग्या जमवायचं काम करतो, माझं मत असं की दोन्हीचा वेळ वेगळा काढावा आणि एकच मजकूर दोन्हीकडे चिकटवू नये. देणगीदाराला रीचचे आकडे हवेत कारण तुम्ही दुसरं काही दाखवत नाही. भरपाईच्या योजनेसाठी किती मच्छीमारांनी तुम्हाला फोन केला, कितीजणांचे कागद पूर्ण झाले, एका तांडेलाची सगळी हकीकत फोटोसकट, हे रिपोर्टात घाला. रीचचा रकाना आपोआप मागे पडतो, माझा तरी अनुभव तसा आहे.

केळशीची_पोरगी
किती छान लिहिलंत सगळ्यांनी, आभार. टोपलीचं तर डोक्यातच आलं नव्हतं. अजून एक विचारते. किनाऱ्यावर मेलेलं कासव लागलं तर ते पोस्ट करावं का? आमच्या विश्वस्तांचं म्हणणं नको, लोकांना वाईट वाटतं, संस्थेचं नाव खराब होतं. मला ते पटत नाहीये.

तालुका_वार्ताहर
करा. नोव्हेंबर २०२३ ला गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं आठवतंय? दिवाळीची गर्दी, गावकरी, खात्याची माणसं, सगळे लागले, कित्येक तासांनी ते समुद्रात ढकललं आणि सगळीकडे "जीवदान" म्हणून बातम्या. नंतर ते मेलं. आजही मला असे लोक भेटतात ज्यांना फक्त पहिली बातमी माहीत आहे. तेव्हा राबलेल्या माणसांची मेहनत दुसरी बातमी दिल्याने कमी होत नाही, उलट असा जीव किनाऱ्याला का लागतो, लागल्यावर काय करावं, काय करू नये, हे लोकांना समजून घ्यायचं असतं ते नेमकं त्याच वेळी. ती वेळ संस्थांनी वाया घालवू नये. मेलेल्या कासवाचं पोस्ट करताना आधी वनखात्याला कळवा, पंचनामा होऊ दे, मग तारीख, किनारा, अंगावर जाळ्याच्या खुणा होत्या की नव्हत्या एवढंच लिहा. कुणाच्या होडीकडे बोट दाखवू नका, ते तुम्हाला माहीत नसतं.

रापणकर_मालवण
ह्यांचं शेवटचं वाक्य विश्वस्तांना वाचून दाखवा. एकदा जरी कुणा मच्छीमाराकडे उगाच बोट गेलं तर त्या बंदरावर पुढची कितीतरी वर्षं तुम्हाला कुणी काही सांगणार नाही.

आणि ताई, व्हॉइस नोट सीझन सुरू झाल्यावर नका करू. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, होड्या वर काढलेल्या, सगळे शेडमध्ये जाळी शिवत बसलेले असतात, नारळी पौर्णिमेच्या आधी जावा. जाळं हातात असताना जाळ्याबद्दल बोललं की माणूस बोलतो. तांडेलांपैकी वयाने मोठा, ज्याचं बाकीचे ऐकतात असा एक पकडा आणि त्याच्याच तोंडून रेकॉर्ड करा, लिहून देऊ नका, त्याला त्याच्या भाषेत बोलू दे. भरपाईचा फॉर्म पण सोबत न्या, दोन-चार झेरॉक्स जास्त.