दूरदेशी 'आपलं' वाटणं: शब्द सुचवा

पानगळ
एका कादंबरीचा अनुवाद करते आहे. नायिका घरापासून हजारो मैलांवर एकटी राहते. सहाव्या वर्षी एका संध्याकाळी खिडकी लावताना तिला जाणवतं, आपण आता इथल्याच. मूळ इंग्रजीत 'बिलाँग' हे क्रियापद आहे. मी लिहिलं, 'तिला तिथे आपुलकी वाटू लागली.' संपादकांनी खोडून 'आपलेपणा' केलं. मला दोन्ही पटत नाहीत. आपुलकी माणसांबद्दल वाटते, आपलेपणा समोरचा दाखवतो. इथे समोर कुणीच नाही, ती आणि ती जागा, एवढंच.

जुनी वही
'रुळली' म्हणा की.

पानगळ
रुळणं म्हणजे सवय होणं ना? नव्या नोकरीत माणूस तीन महिन्यांत रुळतो, आणि सोडताना मागे वळूनही बघत नाही.

शेवटचा बाक
रुळणे हे रेल्वेच्या रुळावरूनच आलं असणार. गाडी रुळावर आली, तसं.

जुनी वही
अजिबात नाही. आपल्याकडे पहिली प्रवासी गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. त्याच्या दोनशे वर्षं आधी तुकाराम महाराजांच्या अभंगात विठ्ठलाच्या कंठी वैजयंती माळ रुळते आहे. माळ सैल असते, अंगाबरोबर हलते, तरी गळ्यातून निसटत नाही. माणूस रुळतो तो असा. त्याला नुसती सवय म्हणून हिणवू नका.

शेवटचा बाक
अभंगातलं मान्य. पण आज बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रूळच येतो. 'संसार रुळावर आला' म्हणतोच ना आपण? शब्द कुठून निघाला यापेक्षा आज तो कसा कळतो, हे मोठं. खरं तर 'बिलाँग'च ठेवा, सगळ्यांना कळतं.

जुनी वही
कळतं म्हणून ठेवायचं, तर अनुवाद करायचाच कशाला?

मोरपीस
'रुजली' कसं वाटेल?

पानगळ
रुजतं ते बी. उपटून दुसरीकडे लावलेल्या रोपाला आम्ही 'जीव धरला' म्हणतो. हे जवळ येतंय, पण माणसाबाबत आजारपणातून उठल्यासारखं वाटतं.

चौदा वर्षं
इतकीच वर्षं बाहेर आहे, म्हणून लिहितो. आई दर फोनला विचारते, 'करमतं ना रे?' मी हो म्हणतो. एकदा बोलता बोलता म्हणालो, 'आपल्याकडे सकाळपासून पाऊस आहे.' ती म्हणाली, 'छे, कडक ऊन पडलंय.' मग दोघंही गप्प झालो. तोवर 'आपल्याकडे' म्हणजे तिचं घर आणि मी राहतो ते 'इकडे', असंच होतं. मी काही ठरवून बोललो नव्हतो. तिला वाईट वाटलं असेल, असं वाटून अजून चुटपुट लागते.

अक्षरवेल
तुमच्या त्या एका शब्दात सगळं आहे. 'आम्ही निघतो' म्हटलं की ऐकणारा वगळला जातो, 'आपण निघू' म्हटलं की तो बरोबर येतो. इंग्रजीत आणि हिंदीत सर्वनामात हा भेद नाही. गुजराती, तेलुगू, तमिळमध्ये आहे. 'आपण', 'आपला' हे मुळात संस्कृत 'आत्मन्', प्राकृत 'अप्प' यांतून आलेले. तुम्ही 'आमच्याकडे पाऊस आहे' म्हणाला असतात, तर आई बाहेर राहिली असती. 'आपल्याकडे' म्हणालात, म्हणजे तिलाही त्या घरात घेतलंत.

चौदा वर्षं
हे कधी मनातच आलं नव्हतं. आज फोन करतो तिला.

जुनी वही
अवांतर: 'करमणे' हे माझ्या मते 'काळ क्रमणे'मधलं क्रमणे. आणि 'मी करमतो' म्हणता येत नाही, 'मला करमतं' म्हणावं लागतं. म्हणजे ते आपण करत नाही, आपल्याला होतं. शिवाय विधानात ते येतं बहुधा नकारात, 'करमत नाही'. होकारी रूप आई विचारते तेव्हाच ऐकू येतं.

मोरपीस
'क्रमणे' पटत नाही. त्यात 'रम्' धातू सरळ दिसतो आहे!

पानगळ
आता असं लिहिलंय: 'खिडकी लावताना ती पुटपुटली, आपल्याकडे लवकर अंधारतं.'

शेवटचा बाक
पण ती एकटी आहे ना? मग त्या 'आपल्या'त दुसरं कोण?

अक्षरवेल
स्वतःशी बोलतानाही 'आपण' येतंच. 'आपण कशाला मध्ये पडा?' म्हणतो तेव्हा दुसरं कुणी नसतं.

शेवटचा बाक
ते 'आपण' निराळं. तिथे 'आपल्याकडे' बसत नाही.

जुनी वही
मोरपीस, 'रम्' असेल तर आधीचा 'क' कुठून आला, ते सांगा.