कानिटकरच्या त्या चौकाराआधी चेंडू किती उरले होते? कुणी डोळ्यांनी पाहिलंय का?

बरणीवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण त्यावरून आमच्या घरात आजोबा आणि नातू तीन दिवस एकमेकांशी धड बोललेले नाहीत. म्हणून इथे विचारतोय.

१८ जानेवारी १९९८, रविवार. ढाक्यात इंडिपेंडन्स कपची तिसरी फायनल, भारत-पाकिस्तान. हृषीकेश कानिटकरने सकलेन मुश्ताकला चौकार मारला आणि आपण जिंकलो. तो चौकार मारायच्या आधी चेंडू किती राहिले होते आणि धावा किती हव्या होत्या?

आमचे अण्णा, म्हणजे वडील, तेव्हापासून आजतागायत एकच सांगत आलेत: "एकच बॉल राहिलेला, चार पाहिजे होते, आणि त्या पोरानं चारच मारले." मीही शाळेत, कॉलेजात, नंतर दुकानात गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो. गेल्या रविवारी माझ्या मुलाने, वय बारा, मोबाईलवर स्कोअरकार्ड काढलं आणि म्हणाला, "आजोबा, दोन बॉल होते, तीन रन हव्या होत्या." अण्णा म्हणाले, "मोबाईलवर काय, कुणीही काहीही लिहितं. मी ह्या डोळ्यांनी बघितलंय." पोरगा म्हणाला, "मग हे खोटं आहे का?" अण्णा ताटावरून उठले. त्यांचं वय ७४. ते ताटावरून असे कधी उठत नाहीत.

मी साक्ष द्यायला हवी होती, कारण त्या दिवशी मी तिथेच होतो. पण मी तो चेंडू पाहिला नाही. त्याचं असं झालं.

आमचं दुकान तेव्हा दरवर्षी गड्ड्यात लागायचं. होम मैदानावर, पाळण्यांच्या अलीकडच्या रांगेत, चिनी मातीच्या बरण्यांचं. अक्षता, होम, दारूकाम सगळं आटपलं होतं, पण गड्डा महिनाअखेरपर्यंत चालतो आणि त्यात तो रविवार. अक्कलकोट, मंगळवेढा, पलीकडचे इंडी-विजापूरकडचे लोक, नुसती रीघ. बाहेरच्यांना सांगायला हवं म्हणून सांगतो: सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या त्या जत्रेला आम्ही गड्डा म्हणतो, आणि सोलापूरच्या पोरांचं वर्ष दिवाळीवर नाही, गड्ड्यावर मोजलं जातं.

दुकानापासून वीसेक पावलांवर एक चहाचं हॉटेल, तिथे टीव्ही. अण्णांनी सकाळीच ठरवून दिलं होतं: एकाने गल्ल्यावर बसायचं, दुसऱ्याने चहा आणायच्या निमित्ताने जायचं आणि स्कोअर घेऊन यायचं. मी अकरा वर्षांचा. त्या दिवशी आम्ही किती चहा प्यालो देव जाणे. सईद अन्वर आणि एजाज अहमद मारत होते तेव्हा अण्णा चहाला जायचेच बंद झाले, मलाच पाठवायचे. ३१४ झाल्यावर ते बरण्यांवरची धूळ पुसत बसले. पुसलेल्याच बरण्या परत पुसत होते.

मग सचिनने सुरुवात केली, आणि तो गेल्यावर गांगुली आणि रॉबिन सिंग. प्रत्येक फेरीला हॉटेलासमोरची गर्दी वाढलेली. मला पुढचं काही दिसायचं नाही, मी लोकांच्या कोपरांखालून बघायचो. एक गोष्ट लख्ख आठवते. टीव्हीत अंधारून आलं होतं आणि माझ्या पाठीवर ऊन होतं. मला वाटलं हॉटेलवाल्याचा टीव्ही खराब झाला.

शेवटच्या षटकाला अण्णा म्हणाले, "तू थांब, मी जातो." आणि नेमकी एक बाई आली, लोणच्यासाठी पाच किलोची बरणी पाहिजे म्हणून. बरणी घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारून बघायची असते. खणखणीत आवाज आला तर माल पक्का, बद्द आला तर कुठेतरी तडा. त्या बाईने चार बरण्या वाजवल्या. गर्दी इतकी गप्प झाली होती की टिचकीचा आवाज मला नेहमीपेक्षा मोठा वाटला. पाळणे फिरत होते, पण पाळण्यातलीसुद्धा माणसं ओरडत नव्हती. पाचवी बरणी तिला पटली. मी तिला सुतळी बांधत होतो, गाठीवर बोट धरलेलं, आणि आवाज आला. तो आवाज मी परत कधी ऐकला नाही. बाई घाबरून म्हणाली, "काय रे बाळा, पाळणा पडला का?" मी तिच्या हातात बरणी दिली आणि पळालो. पैसे घ्यायचे राहिले. तीच उभी राहिली आणि अण्णा आल्यावर देऊन गेली.

अण्णांनी मला उचलून घेतलं. अकरा वर्षांच्या पोराला. आणि कानात म्हणाले ते हेच: "एक बॉल, चार रन."

तर सांगा, कुणी प्रत्यक्ष बघितलंय? स्कोअरकार्ड नको, ते पोराने दाखवलंय. आणि अण्णा खोटं बोलणारे नाहीत, हेही तितकंच खरं आहे.

---

धोटा

भाऊ, दोन बॉल आणि तीन रन. मी शपथेवर सांगतो, आणि गंमत म्हणजे मीसुद्धा मॅच बघितली नाही.

मी तेव्हा अशोक चौकाच्या बाजूला मागावर होतो, चादरीच्या. मागाचा खडखडाट ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायची गरज नाही, शेजारच्याने कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. आम्ही बारा जण. समोरच्या घरात टीव्ही होता, तिथलं एक पोरगं आमच्या दारासमोरच्या कट्ट्यावर उभं करून ठेवलेलं. बोटांनी सांगायचं. विकेट पडली की मूठ, चौकार की चार बोटं हलवायची. आम्ही हाताने तुटलेला धागा जोडायचो आणि मान दाराकडं.

शेवटच्या ओव्हरला मालक स्वतः आला आणि एकेक करून सगळे माग बंद केले. दिवसपाळीला चालते माग असे बंद करायचे म्हणजे काय, ते मागवाल्यालाच कळेल. खडखडाट थांबला की कानात शिट्टी वाजते बे, ती वाजत होती. पोरगं बोलू शकत होतं आता, आम्हाला ऐकू येणार होतं, पण दिवसभराची सवय, त्यानं बोटंच दाखवली. एका हाताची दोन, दुसऱ्या हाताची तीन. दोन बॉल, तीन रन. मग त्यानं मान वळवून घरात बघितलं, आणि बोटंबिटं विसरून कट्ट्यावरनं खाली उडीच मारली.

आजही डोळे मिटले की ती पाच बोटं दिसतात. अण्णांना माझा नमस्कार सांगा. चुकलं असेल त्यांचं, पण माणूस चुकीचा नाही.

---

पुण्यातली_सोलापूरकर

मी पाहिला आहे तो चेंडू, टीव्हीवर का होईना. बुधवार पेठेत आमच्या माहेरी त्या दिवशी हळदीकुंकू होतं. आईने बायकांना पाच वाजता बोलावलं होतं, आणि पाचच्या आधीच सगळ्या येऊन टीव्हीसमोर बसल्या. शेजारच्या तेलुगू बोलणाऱ्या दोन मावशी होत्या, एरवी त्यांना क्रिकेटचं काही नसायचं. त्या देवाचं नाव घेत होत्या. वाण द्यायचं राहून गेलं होतं, आईच्या हातात तिळगुळाचा डबा तसाच.

चेंडू किती होते ते मला आठवत नाही, खरं सांगते. आठवतो तो कानिटकरचा फटका, मिडविकेटकडे गेलेला, आणि तो आमच्या पुण्याचा म्हणून (मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन पुण्यात गेले होते) मला वाटलेला अभिमान. त्याचे वडील हेमंत कानिटकर भारताकडून दोन कसोटी खेळले होते, हे सासऱ्यांनी मला आठवडाभरापूर्वीच सांगितलं होतं. म्हणून मी त्या बायकांना मोठ्या तोऱ्यात सांगत होते, "बघा, हा मारणार."

दादा, एक सुचवते. मुलाला म्हणावं, आजोबांना आकडा नको विचारूस, शेवटच्या षटकाला त्यांच्या शेजारी कोण उभं होतं ते विचार.

---

स्कोअरबुक

मी वहीत सामने लिहून ठेवणारा माणूस आहे, त्यामुळे आधी वहीतलं सांगतो. धोटा यांची पाच बोटं बरोबर आहेत.

तीन फायनलपैकी दोन जिंकायच्या होत्या. पहिली १४ तारखेला, ऐन संक्रांतीला, आपण जिंकली. दुसरी १६ला पाकिस्तानने. १८ची निर्णायक, ४८ षटकांची. पाकिस्तान ५ बाद ३१४, अन्वर १४०, एजाज ११७. एकदिवसीय सामन्यात इतक्या धावांचा पाठलाग करून तोवर कुणीही जिंकलं नव्हतं. सचिन २६ चेंडूंत ४१ करून गेला. तिसऱ्या क्रमांकावर रॉबिन सिंगला पाठवलं, हा त्या दिवसाचा सगळ्यात धाडसी निर्णय, आणि माझ्या मते सामना तिथेच फिरला. त्याने ८२ केल्या, गांगुलीने १२४. शेवटच्या षटकात नऊ हव्या होत्या. दोन चेंडूंत तीन उरल्या तेव्हा कानिटकरचा चौकार. आपण ४७.५ षटकांत ७ बाद ३१६, एक चेंडू शिल्लक.

टीव्हीतला अंधार खरा होता, हॉटेलवाल्याचा टीव्ही चांगला होता. ढाका आपल्या किती पूर्वेला! तिथे दिवस मावळत आला होता तेव्हा सोलापुरात चांगलं ऊन असणारच. शेवटची षटकं फार कमी उजेडात खेळली गेली.

आता अण्णांबद्दल. "एक चेंडू, चार धावा" हे वाक्य वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण असा सामना झालेला आहे. तो ढाक्याचा नाही, शारजाचा आहे. १८ एप्रिल १९८६, शुक्रवार, ऑस्ट्रल-एशिया कपची फायनल. आपण २४५ केल्या होत्या. शेवटचा चेंडू, पाकिस्तानला हव्या चार, त्यांची एकच विकेट शिल्लक. चेतन शर्मा यॉर्कर टाकायला गेला, पडला फुलटॉस, आणि जावेद मियाँदादने षटकार मारला. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या पिढीला पुढे कितीतरी वर्षं शारजात पाकिस्तानशी सामना म्हटलं की पोटात गोळा यायचा. माझे काका त्यानंतर शेवटचं षटक कधीच बघत नसत, अंगणात जाऊन उभे राहत.

अण्णांचं वय ७४ म्हणजे तेव्हा ते ऐन पस्तिशीच्या आत-बाहेर. तुम्ही त्यांना शारजाबद्दल विचारा. मला वाटतं ते चुकीचं सांगत नाहीयेत, दोन सामने एकात सांगतायत.

आणि जाता जाता: कानिटकर ३४ एकदिवसीय आणि २ कसोटी खेळला, राजस्थानचा कर्णधार म्हणून २०१०-११ला त्यांना पहिला रणजी करंडक जिंकून दिला. लोक त्याला त्या एका चौकारावर ठेवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या एका चेंडूमागे किती वर्षांची मेहनत होती!

---

बरणीवाला_सोलापूर

स्कोअरबुक साहेब, तुमचे पाय धरावेत असं वाटतंय.

काल रात्री जेवणं झाल्यावर मी अण्णांना नुसतं विचारलं, "अण्णा, शारजाची फायनल कुठे बघितली होती?" ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग सांगायला लागले. मंगळवार पेठेतला जुना वाडा, खालच्या मजल्यावर टीव्ही असलेलं एकच बिऱ्हाड. तीस-पस्तीस माणसं, दारात, खिडकीत, जिन्यावर. आईला तेव्हा माझ्या वेळचे दिवस गेलेले, म्हणून तिला पुढे पाट दिलेला. षटकार गेला आणि घरमालकांनी उठून टीव्ही बंद केला. कुणीच जागचं हललं नाही. अण्णा म्हणाले, "कुणी कुणाच्या तोंडाकडं बघेना. तुझी आई म्हणाली, चला, भाकरी गार झाल्या असतील. आणि आम्ही वर गेलो. मी जेवलो नाही त्या रात्री."

मग म्हणाले, "एक बॉल, चार रन. ते आपण हरलो तेव्हाचं. बरोबर आहे तुझ्या पोराचं."

मी बारा वर्षं अण्णांच्या शेजारी गल्ल्यावर बसतोय, ही गोष्ट मला माहीत नव्हती. आईनेही कधी सांगितली नाही, आणि आता ती नाही.

धोटा भाऊ, तुमचा नमस्कार पोचवला. "मालकानं माग बंद केले?" असं त्यांनी दोनदा विचारलं. ताई, तुमचा प्रश्न पोराने विचारला. अण्णांच्या शेजारी एक फुगेवाला उभा होता म्हणे, चौकार गेला आणि त्याच्या हातातले सगळे फुगे सुटले. हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं.

नंतर पोराने मोबाईलवर शारजाचं शेवटचं षटक लावलं. अण्णा चष्मा लावून त्याच्याजवळ सरकून बसले होते. शेवटचा चेंडू टाकायला चेतन शर्मा धावायला लागला, तसे ते उठून आत गेले. आतूनच विचारलं, "संपलं का?"

"संपलं, आजोबा."

"मग ढाक्याचं लाव," म्हणाले, आणि चष्मा धोतराला पुसत बाहेर आले.