'सेल लाइन ऑथेंटिकेशन'ला मराठीत काय म्हणावं?

गंगापूररोड: कॉलेजच्या विज्ञानदिनाचं पोस्टर करतेय. कर्करोगाच्या संशोधनात वापरतात ती सेल लाइन (रुग्णाच्या पेशींपासून लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) खरंच त्याच रुग्णाची आहे का, हे तपासण्याला काय म्हणायचं? 'पेशीरेषा प्रमाणीकरण' लिहिलं, तर सरांनी विचारलं, "म्हणजे दर्जाचा दाखला का?"

पंचवटीकर: 'अभिज्ञान' आहे की! पेशीवंश-अभिज्ञान.

पिपेटवाली: पोरं शकुंतलेची अंगठी शोधत बसतील, काका. सरांचं बरोबर आहे, इथे दर्जाचा प्रश्नच नाही. डीएनएच्या ठरावीक जागी छोटा तुकडा किती वेळा लागोपाठ आलाय ते मोजतात (एसटीआर) आणि मूळ नोंदीशी ताडतात. ८० टक्के किंवा जास्त जुळलं तर दाता एकच धरतात. आम्ही लॅबमध्ये 'लाइन चेक केली का?' एवढंच म्हणतो. 'ओळख पटवणे' लिहा ना.

पंचवटीकर: ओळख पोलीस पटवतात, बेवारस प्रेताची.

निफाडचा: आम्ही द्राक्षवाले 'वाण' म्हणतो. रोपं सोनाका म्हणून आणली आणि घड धरल्यावर थॉमसन निघाली, असं झालं की भांडण वाणाचंच. 'पेशीवाणाची खातरजमा' करा.

पंचवटीकर: खातरजमा अरबी-फारसी आहे. आणि वाण म्हणजे मुळात वर्ण, रंग. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.'

पिपेटवाली: इथे तर वाणच लागतो! हेला पेशी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या आफ्रिकी-अमेरिकी बाईंच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या. इतक्या जोमदार, की एखादा थेंब दुसऱ्या बाटलीत गेला तरी मूळच्या पेशींना मागे टाकून बाटली बळकावतात. १९६६ मध्ये गार्टलर या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की वेगवेगळ्या म्हणून वाढवलेल्या बऱ्याच लाइन्समध्ये जी-सिक्स-पीडी विकराचा (एन्झाइमचा) एकच प्रकार आहे, हेलाचाच. तो बहुतांशी आफ्रिकी वंशाच्या लोकांत सापडतो आणि यातल्या काही लाइन्सचे दाते म्हणे गोरे! हेप-२ ही लाइन अजूनही कुणी स्वरयंत्राच्या कर्करोगाची म्हणून वापरतं, आहे हेलाच. बाटलीवरची चिठ्ठी मात्र जुनीच.

गंगापूररोड: मग 'पेशीवाणाची ओळखतपासणी' चालेल? संध्याकाळी छापायला द्यायचंय.

सिडकोताई: वाणावरून आठवलं, संक्रांतीचं वाणही रंगावरूनच का? आणि वाणी?

पंचवटीकर: वाणी वणिजपासून. त्याचा काही संबंध नाही.

सिडकोताई: आमची आजी वाणसामान म्हणायची, तिला काय कळत नव्हतं?

निफाडचा: संक्रांतीचं 'ते वाण', द्राक्षाचा 'तो वाण'. शब्दच दोन आहेत.

पंचवटीकर: कोशात बघून सांगतो. तोवर पेशीचं लिंग कुणी ठरवू नये.