कुत्र्याची खाज आणि धरलेलं अंग: निदान कसं लागलं?

आमचा बंडू ९ वर्षांचा. गेले ४ महिने खाजवतोय, पंजे चाटतोय, आणि झोपून उठला की मागचे पाय लाकडासारखे. पहिली पाच-सहा पावलं कशीबशी टाकतो, मग हळूहळू सुटतो. अंगावर पुरळ नाही, पिसवा नाहीत, गोचीड नाही. एका डॉक्टरांनी ॲलर्जी सांगितली, दुसऱ्यांनी "वय झालं हो त्याचं" म्हणून वाटेला लावलं. तिसऱ्यांनी स्टेरॉईडचं इंजेक्शन दिलं आणि दोन दिवसांत बंडू पुन्हा पिल्लू! खाज गायब, जिना दणादण. आम्ही खूश. दहा-बारा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. पुन्हा इंजेक्शन, मग गोळ्या.

आता डोक्यात प्रकाश पडतोय की स्टेरॉईड खाजही दाबतं आणि सांध्याची सूजही. त्यामुळे आराम पडला, पण आजार कुठला हे जिथल्या तिथेच राहिलं.

या चक्रातून गेलेल्यांनी लिहा. काय चुकलं तेही लिहा. औषधांचे डोस मात्र नकोत, प्रत्येकाचं जनावर वेगळं.

*

आमची राणी. खाज इतकी की रात्रभर पलंगाचा पाय ठकठक वाजायचा. कातडी खरवडून दोनदा तपासली, दोन्ही वेळा काही नाही. तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनी तिच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळली. लगेच मागचा पाय हवेत खाजवायला लागला. ते म्हणाले, खरजेचा संशय आहे. खरजेचे बारीक किडे कातडीत बोगदे करून राहतात आणि नमुन्यात बऱ्याचदा सापडतच नाहीत, तेव्हा उपचार करून बघू. तोवर माझ्याही हातांवर लाल पुटकुळ्या उठल्या होत्या, ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं! मला वाटलं माझा साबण बदललाय म्हणून. काही आठवड्यांत राणी शांत झाली, मीही. डॉक्टरांकडे गेलात की घरात कुणाला खाज आहे का, हे न विचारता सांगा.

*

पिसवा नाहीत असं आम्हीही छातीठोक सांगायचो. शेपटीच्या बुडाशी कंगवा फिरवला, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकले, तर भोवती तांबूस डाग उमटले. पिसवांची विष्ठा ती, म्हणजे पचलेलं रक्त. ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला चार-दोन चावे पुरतात, पिसू डोळ्यांना दिसायलाच हवी असं नाही.

*

शेरू, ५ वर्षांचा. त्याचं लंगडणं विचित्र होतं, आज पुढचा डावा, परवा मागचा उजवा. घरचे म्हणायचे नाटकं करतो. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स खाली आणि गोचीडताप निघाला. ४ आठवडे गोळ्या झाल्या, पण पहिल्याच आठवड्यात अंग मोकळं झालं. खाज मात्र तशीच. मला वाटलं निदान चुकलं. डॉक्टरांनी पंजाच्या बेचक्यात चिकटपट्टी दाबून ती मायक्रोस्कोपखाली पाहिली, यीस्ट (एक प्रकारची बुरशी) भरपूर. कानाला येणारा तो आंबूस वास आम्हाला इतका सवयीचा झाला होता की पाहुण्यांनी नाक मुरडल्यावर कळलं. म्हणजे आजार दोन होते आणि आम्ही एकाच नावाच्या मागे धावत होतो.

*

बंडू स्टेरॉईडवर असताना थायरॉईड तपासू नका, किंवा तपासलंत तर ते औषध चालू आहे हे ठळकपणे सांगा. आमच्या कुत्रीचा टी-४ (थायरॉईडचं संप्रेरक) त्या औषधामुळेच कमी आला आणि ५ महिने तिला नको असलेल्या गोळ्या दिल्या. औषधं थांबवून परत तपासलं तर सगळं ठीक. चीड येते अजून.

*

माझी कॅव्हेलियर स्पॅनियल आहे. ती चालता चालता थांबून मानेजवळ खाजवायची, उचलून घेतलं की किंचाळायची, सकाळी मान ताठ. त्वचेवर वर्षभर उपचार केले. एकदा शेजारी बसले असताना लक्षात आलं की खाजवल्याचा आवाजच येत नाहीये. नखं अंगाला लागतच नव्हती, पाय नुसता हवेत चालत होता. तो व्हिडिओ नव्या डॉक्टरांना दाखवला आणि त्यांनी त्वचा सोडून एमआरआय सांगितला. मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या होत्या. या जातीत कवटीच्या ठेवणीमुळे हे बऱ्यापैकी दिसतं म्हणे. दवाखान्यात कुत्रं कधीच ते करून दाखवत नाही, तेव्हा व्हिडिओ काढाच.

*

अन्नाची ॲलर्जी रक्ताच्या तपासणीत खात्रीने कळत नाही. किमान ८ आठवडे ठरवून दिलेलं एकच अन्न, मग जुनं देऊन खाज परत येते का बघायचं. आमचे ७ आठवडे वाया गेले. आजोबा टेबलाखालून "एवढंसं" देत होते, आणि जंताची गोळीही चवीची होती.

बाकी हवेतल्या कणांची ॲलर्जी बहुधा ३ वर्षांच्या आत सुरू होते. ९व्या वर्षी पहिल्यांदा खाज म्हणजे आधी दुसरं काही शोधायला हवं.

*

मी बंडूवालाच. मंडळी, आभार. गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करत बंद केल्या, मध्ये काही दिवस जाऊ दिले. स्टेरॉईड आणि वेदनाशामक एकत्र दिलं तर पोटात अल्सर होऊ शकतो, म्हणून ही वाट बघणं. ते दिवस वाईट गेले. आईने तर स्वतःची गुडघेदुखीची गोळी अर्धी करून ठेवली होती, ती हातातून काढून घेतली. माणसांच्या त्या गोळ्या कुत्र्यांना जिवावर बेतू शकतात.

तो कायम उजवंच मनगट चाटायचा, तिथले पांढरे केस थुंकीने गंजासारखे तांबडे झालेत. मी त्याला खाज म्हणत होतो. नव्या डॉक्टरांनी ते मनगट अलगद दुमडलं आणि बंडूने मान वळवून त्यांच्या हातावर नाक टेकवलं, चावला नाही, नुसतं टेकवलं. एक्स-रेत मनगट आणि दोन्ही खुबे, तिन्हीकडे संधिवात. ते चाटणं दुखण्याचं होतं.

पोटाखालची खाज मात्र खरी आहे. कंगवा फिरवला, कागद कोरा निघाला. खरडलेला नमुना आणि चिकटपट्टी उद्या. कानाची कडही चोळून बघा म्हणून सांगणार आहे.