पहिल्याच चालीला घोडा सी३ आला, तर काळ्यानं काय खेळावं?

मंगळवारपेठकर
रविवारी शाळकरी मुलांच्या स्पर्धेत आमच्या पोरासमोर पांढऱ्याची पहिलीच चाल घोडा सी३. पोरगं गडबडलं. डी५ खेळला (नुसतं घर सांगितलं की ती प्याद्याची चाल), ई४ आल्यावर प्यादं मारलं, घोड्यानं परत घेतलं. मग याचं ई५, समोरून उंट सी४, याचा उंट ई७. आणि वजीर एच५! एफ७ आणि ई५ दोन्हीवर एकदम नजर. डाव तिथंच गेला.

माझं मत ठाम आहे. ई४ आलं की मारायचं नाही, डी४ ढकलायचं. घोडा ई२ला पळतो, स्वतःच्याच उंटाची आणि वजिराची वाट अडवतो. आपण ई५ खेळून मधला पट धरायचा.

रंकाळाकाठ
दादा, प्यादं मारलं ही चूक नाहीच. चूक पुढची. ई५च्या जागी घोडा एफ६ खेळला असता तर घोड्याला घोडा भिडला असता, वजीर एच५ला येऊच शकला नसता. दहा वर्षांच्या पोराला डी४वरचं प्यादं वीस चाली राखायला लावणं मला पटत नाही. घोड्यानं प्यादी पुढं ओढायची आणि मग फोडायची, हा तर अलेखाइन बचावाचा (ई४ला घोडा एफ६) जीवच आहे. १९७२ला रेकयाविकमध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत फिशरनं तेराव्या डावात स्पास्कीला त्याच बचावानं हरवलं.

मंगळवारपेठकर
फिशर जिंकला तो शेवटाच्या खेळात, भावा. अलेखाइनमध्ये जागा पांढऱ्याला मिळते, ती आज काळ्याला फुकट मिळतेय. ती का सोडायची?

राजारामपुरीची ताई
तुम्ही दोघं ई४ येणारच असं धरून बोलताय. आधी पोराला हे दाखवा की सी३च्या घोड्यानं स्वतःचं सी प्यादं अडवलंय. म्हणजे डी५ला सी४चा धक्का लगेच बसत नाही.

दुसरं, हा डाव ओळखीच्या वाटेला वळवता येतो. सी५ला ई४ आलं की बंद सिसिलियन, ई५ला ई४ आलं की व्हिएन्ना, सी६ला ई४ आल्यावर डी५ खेळलं की कारो-कान, या सगळ्या नावाजलेल्या सुरुवाती. आपल्याकडं तालमीत हेच शिकवतात, समोरच्याला आपल्या पकडीत आणायचं. मुलगा रोज ई५ खेळत असेल तर इथंही ई५च खेळू दे. नवीन पाठांतर नको.

मंगळवारपेठकर
ताई, तुमचं सी प्यादाचं बरोबर आहे, ते मी त्याला सांगितलं नव्हतं. पण व्हिएन्ना पांढऱ्यालाच हवी असते. घोडा सी३ खेळणारा ती शंभरदा खेळलेला असतो. तिथं पकड त्याची.

डी४, ई५नंतर घोडा जी३ आला की मी उंट ई६ खेळायला सांगतो. सी४चं घर पांढऱ्याच्या उंटाला मिळतच नाही.

रंकाळाकाठ
मग लगेच सी३. डी४वर घाव.

मंगळवारपेठकर
सी५. प्यादं हलत नाही.