दुःखातल्या माणसाला 'तुझा विश्वास कमी पडतो' असं म्हणावं का?

पांढरकवड्याकडचा
सर्वांना जय ख्रिस्त. मागच्या रविवारी आमच्या खेड्यातल्या उपासनेत जे झालं ते मनातून जात नाही, म्हणून इथे मांडतो.

साक्षीची वेळ होती, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव उभं राहून सांगायची. मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, एक ताई उभी राहिली. तीन एकर कोरडवाहू वावर. काढणीच्या तोंडावर पाऊस लागून बसला आणि सोयाबीनच्या शेंगांतच कोंब फुटले. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, भिस्त होती, तिच्यात बोंडअळी. घरधनी डायलिसिसवर, आठवड्यातून दोनदा यवतमाळची एसटी. ती म्हणाली, "मी रोज प्रार्थनेला बसतो, पण तोंडातून शब्द निघत नाही. देवाचा राग येते."

बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, "बहीण, देव कमी पडत नाही, तुमचा विश्वास कमी पडतो." चार जणांनी आमेन म्हटलं. ताई तोंडाला पदर लावून खाली बसली. प्रभुभोजनाला, भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, पुढे आली नाही.

माझ्या मते हे चुकलं, आणि शास्त्राला धरूनही नव्हतं. बायबलातला ईयोब बघा, नीतिमान असून सगळं गमावून बसलेला. त्याचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि चुकत गेले. तुझंच काहीतरी चुकलं असेल, देव उगाच शिक्षा करत नाही, हेच अध्यायामागून अध्याय. शेवटी ४२व्या अध्यायात देवाचा राग कोणावर? ईयोबावर नाही, त्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी योग्य ते बोलला, तुम्ही नाही, असं देव त्यांना सांगतो. ईयोबानं तर देवाला जाब विचारला होता. ज्याच्यावर भरवसाच नाही त्याच्यापुढे कोण रडायला जातं?

मेळघाटच्या पायथ्याचा पाळक
भाऊ, त्या प्रचारकांची रीत चुकली हे मान्य. भर मंडळीत असं बोलू नये. पण तुम्ही दुसऱ्या टोकाला जाताय. ४२वा अध्याय वाचता तसा ३८वाही वाचा. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, असं देव ईयोबाला विचारतो, आणि ईयोब तोंडावर हात ठेवतो. तक्रार देव ऐकतो, पण तक्रारीतच मुक्काम ठोकू देत नाही.

माझ्या आईचं सांगतो. १९७२चा दुष्काळ. बाप आधीच गेलेला, आई खडी फोडायच्या कामावर. संध्याकाळी ती मिळालेली सुकडी, ते दुष्काळात वाटलं जाणारं खाणं, आम्हा भावंडांपुढे वाटून ठेवायची आणि हात लावायच्या आधी बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवटचा भाग म्हणायला लावायची. अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आमच्या गोठ्यात खरोखर गुरं नव्हती, बैलजोडी विकून झाली होती. नुसता कासरा खुंटीला लटकत होता, तो अजून डोळ्यांपुढे आहे. आईला तेव्हा आनंद झाला होता का? मुळीच नाही. ते म्हटलं नाही तर आपण खचू, हे तिला ठाऊक होतं. भरवसा मनाला वाटण्यावर सोडून चालत नाही. तो डवरणीसारखा, पिकातलं तण काढण्यासारखा, रोजचा कष्ट आहे, एक पाळी चुकली की तण माजतं. आपण आता लोकांना रडायची मोकळीक देतो, पण उभं राहायला शिकवतो का?

वाशीमकडची सिस्टर
'विश्वास कमी पडतो' या वाक्याचं पुढे काय होतं ते मी वॉर्डात बघते. साखरेचा त्रास असलेल्या एका काकांनी इन्सुलिन बंद केलं होतं, कारण सुई घेणं म्हणजे अविश्वास असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आले तेव्हा पायाचा अंगठा काळा पडलेला. काढावा लागला. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असं याकोबाच्या पत्रात आहे, ते मी मानते, करतेही. पण पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे असं प्रेषित पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहितो, आणि त्याचा सोबती लूक तर वैद्यच होता. स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून पौलानं तीनदा विनंती केली, तो निघाला नाही. मग पौलाचा विश्वास कमी होता म्हणायचं का?

पऱ्हाटीवाला
मी ख्रिस्ती घरातलाच. पाच वर्षं झाली, चर्चमधी जात नाही. काहून ते सांगतो.

बोंड फोडून पाहा कधी. वरून हिरवंगार, टणक. नखानं फोडलं का आत सरकीले चिकटून गुलाबी अळी बसली राहते, अन् कापूस पिवळा पडून त्याची कवडी झालेली. त्या कवडीले भाव नाही, वेचाले बाया येत नाहीत. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी फवारता फवारता वीसच्या वर माणसं विषबाधेनं मेली. पोटासाठी पाठीवर पंप घेऊन गेले होते. त्यांच्यातल्या कोणाचा विश्वास कमी होता, ते सांगा.

पाळकसाहेब, तुमच्या आईले माझा हात जोडून नमस्कार. पण ते उभं राहणं शिकवणारं कोण हाय आता? माझं सोयाबीन गेलं त्या साली विम्याची तक्रार ७२ तासांच्या आत टाकाची होती. मंडळीनं माझ्यासाठी उपास-प्रार्थना ठेवली, तीन दिवस. त्या तीन दिवसांत माझे ७२ तास गेले. बसलेल्यांपैकी दोघं शिकलेले होते, दोघांच्या खिशात मोबाइल होता. एकानंही इचारलं नाही. 'देव पाहून घेईन' म्हणजे 'आमी पाहत नाही', असाच त्याचा अर्थ मले लागला.

पांढरकवड्याकडचा
पऱ्हाटीवाले दादा, तुमच्या प्रश्नावर लूकाच्या १३व्या अध्यायात येशूचंच बोलणं आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती काय यरुशलेमातल्या बाकीच्यांहून जास्त दोषी होती? नाही, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. पण विम्याच्या गोष्टीला माझ्याकडे उत्तर नाही. परवा आमेन म्हटलं नाही एवढंच माझं पुण्य; ताईची विचारपूस तर मीही केली नाही.

मेळघाटच्या पायथ्याचा पाळक
दादा, ते तीन दिवस वाचून मी पुस्तक मिटून बसलो. आमच्या मंडळीतही असं झालं असेल, मी विचारलं नव्हतं.

तरी माझा मुद्दा सोडत नाही. पंडिता रमाबाईंकडे बघा. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, १८८२ साली नवरा पटकीनं गेला, पदरात तान्ही मुलगी. ती मनोरमाही १९२१ मध्ये आईच्या हयातीतच गेली. एवढं सोसूनही बाईंनी मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर पुरं केलं आणि १९२२ मध्ये डोळे मिटले. हे बळ तक्रारीतून येत नाही.

वाशीमकडची सिस्टर
पाळकसाहेब, त्याच रमाबाई १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून उपाशी मुली केडगावला आपल्या आश्रमात घेऊन गेल्या. आधी जेवू घातलं, अंगावर कपडा दिला. तुमचा विश्वास किती, हे आधी विचारलं नाही.

राळेगाव तालुक्यातली
मी कधी लिहीत नाही, नुसती वाचते. आज लिहिते.

माझे मालक चार वर्षांपूर्वी गेले. स्वतःहून गेले. कर्ज होतं, पण बिनपरवान्याच्या सावकाराचं, बँकेचं नव्हतं. म्हणून सरकारी मदतीच्या कागदावर 'अपात्र' लिहून आलं. मंडळीत कुणी कागदावर लिहिलं नाही, पण नजरेत तेच होतं. विश्वास असता तर असं केलं नसतं, हे माझ्या पोरासमोर बोललं गेलं. तो तेव्हा नवव्या वर्गात होता.

एक म्हातारी बाई, आमच्याच मंडळीतली, रोज दिवे लागायच्या वेळी यायची. फडक्यात बांधलेली भाकर ठेवायची आणि माझ्यासोबत तूर निवडत बसायची. देवाचं नाव काढायची नाही. दोन महिने असं चाललं. मग एक दिवस मीच म्हणाले, काही वाचा. तिनं ८८वं स्तोत्र वाचलं. बाकी स्तोत्रांसारखा त्याला गोड शेवट नाही, ते अंधारावरच संपतं. वाचून तिनं पुस्तक मिटलं आणि पुन्हा तूर निवडायला घेतली. माझ्यासारखीचं बोलणंही शास्त्रात आहे, हे मला त्या रात्री कळलं, आणि मी पोटभर रडले. झोपही लागली.

पाळकसाहेब, तुमच्या आईचं हबक्कूक आता मीही म्हणते, मनापासून. पण तुमची आई तुमच्यासोबत सुकडी खात होती. तिला तो अधिकार होता. त्या प्रचारकांनी ताईच्या घरी पाणी तरी घेतलं होतं का?

पऱ्हाटीवाला
ताई, ती म्हातारी आमच्या गावात असती तं मी चर्च सोडलं नसतं.

मेळघाटच्या पायथ्याचा पाळक
बहिणी, तुमचं म्हणणं मान्य. अधिकार सोबत बसल्यानं येतो. पण पांढरकवड्याच्या भावांना एक विचारतो. तुम्ही तिच्या घरी जाल, कापूस वेचून द्याल, दवाखान्याला सोबत कराल. एका संध्याकाळी ती विचारेलच, देवानं हे माझ्याच वाट्याला का दिलं. तेव्हा काय सांगणार?

पांढरकवड्याकडचा
आज सकाळी जाऊन आलो. पंचनामा झाला आहे, पण यादीत तिचं नाव चुकीचं पडलं आहे. सोमवारी तिला घेऊन तलाठ्याकडे जातो. शनिवारी आम्ही सहा जण तिच्या वावरात वेचणीला जाणार, कवडी तर कवडी.

पाळकसाहेब, तुमचा प्रश्न तिनं आजच विचारला. चहाचा कप हातात देता देता. मला माहीत नाही, असं मी सांगितलं. ती काही बोलली नाही. निघताना मी विचारलं, रविवारी येशील ना? म्हणाली, "येतो. पण साक्षीला उभी राहणार नाही."